परदेशातून कुटुंबासकट कायमचं परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं बाहेर काढून आता सगळं गुंडाळून घरी निघालेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र टाकलेत. साधारण तयारी, प्रवास आणि पोचल्यावर असा क्रम आहे, पण तुम्ही हवं तिथून वाचा. एअरलाइन आणि देश बदलला की नियम बदलतात, तेव्हा इथला आकडा वाचून थेट पैसे भरू नका, आपापल्या एअरलाइनच्या साइटवर एकदा बघून घ्या.

तयारी किती आधी सुरू करायची?

बहुतेकजण तिकिटापासून सुरुवात करतात आणि खरं तर तेच सगळ्यात सोपं काम असतं, ते एका संध्याकाळीसुद्धा होतं. वेळ खातात त्या तीन गोष्टी, कागदपत्रं, जहाजाने जाणारं सामान आणि घरात प्राणी असेल तर तो प्राणी. प्राणी नसेल तर तीन-चार महिने पुरतात. कुत्रा-मांजर असेल तर मात्र लगेच कामाला लागा कारण त्यात घाई करून काहीच होत नाही, आधी १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप (प्राण्याच्या कातडीखालची ओळखीची चिप) बसवायची, मग रेबीजची लस (चिप आधी, लस नंतर, उलटं झालं तर बरेच देश ती लस धरतच नाहीत), आणि काही देशांना रक्ताची टायटर टेस्टही (लशीने रेबीजविरुद्ध पुरेशी प्रतिकारशक्ती आली का ते बघणारी) लागते ज्यात ०.५ आययू प्रति मिली एवढी पातळी यावी लागते. त्यावर पुन्हा थांबायचा काळ. जपानला रक्त घेतल्यापासून १८० दिवस लागतात. चपट्या नाकाच्या जातींना बऱ्याच एअरलाइन कार्गोत घेतच नाहीत हेही तिकीट काढायच्या आधी विचारा.

कुठली कागदपत्रं तिकडूनच करून आणायला लागतात?

जी नंतर लांबून मिळवताना डोक्याला ताप होणार ती सगळी. मुलांचे शाळेचे दाखले आणि मार्कशीट, लसीकरणाची नोंद, डॉक्टर आणि दाताच्या फाइल्स, नोकरीचं अनुभवपत्र, पेन्शन किंवा फंडाचे नंबर, टॅक्सचे कागद, घरमालकाकडून भाडं नियमित भरल्याचं पत्र, गाडीच्या इन्शुरन्सवाल्यांकडून नो क्लेमचं पत्र.

यातली खरी मेख म्हणजे अपोस्टिल. १९६१ च्या हेग करारानुसार एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर हा शिक्का किंवा चिकटपत्र लागतं, आणि ते *ज्या देशाने कागद दिला त्याच देशात* मिळतं. म्हणजे जन्मदाखला तिकडचा असेल तर अपोस्टिलही तिकडचंच, घरी पोचून सरकारी ऑफिसात कितीही फेऱ्या मारल्या तरी होणार नाही, मग एजंट शोधा, कुरिअर करा, वाट बघा. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, डिग्री आणि मुलांच्या शाळेचं शेवटचं प्रमाणपत्र एवढ्यांचं तरी निघायच्या आधी करून टाका. दोन्हीपैकी एखादा देश करारात नसेल तर वकिलातीकडून कागद साक्षांकित करून घ्यायला लागतो, त्याला आणखी वेळ धरा.

बाळ तिकडेच जन्मलंय, त्याला काय लागेल?

स्वतःचा पासपोर्ट, आईबाबांच्या पासपोर्टवर नाव घालायचे दिवस गेले. आणि मोठ्या मुलांचे पासपोर्टही आत्ताच काढून बघा, मुलांच्या पासपोर्टची मुदत बऱ्याच देशांत ५ वर्षांचीच असते आणि ती कधी संपली हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. मधल्या ट्रान्झिट देशाला ६ महिने मुदत शिल्लक लागते का तेही बघा, नियम फक्त शेवटच्या मुक्कामाचा नसतो.

नवरा नंतर येणार, मी एकटी मुलांना घेऊन निघाले तर चालेल ना?

चालेल, पण नवऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा, नोटरी केलेलं, त्यात मुलांची नावं, पासपोर्ट नंबर, प्रवासाच्या तारखा आणि नवऱ्याचा फोन नंबर. काही देश हे सक्तीने मागतात, काही (उदाहरणार्थ कॅनडा) जवळ ठेवायला सांगतात, आणि काही ठिकाणी कोणी विचारतही नाही. मुलांचं आडनाव तुमच्यापेक्षा वेगळं असेल तर जन्मदाखल्याची प्रतही हातात असू द्या.

दोन वेगळी तिकिटं काढली तर बरेच पैसे वाचतायत, काढू का?

एकटे असता तर म्हटलं असतं बघा बुवा तुमचं तुम्ही. पण मुलं, म्हातारी माणसं आणि ढीगभर बॅगा घेऊन? नको. माझं मत पक्कं आहे यावर, आणि कारण असं की एकाच बुकिंगमधे सगळे टप्पे असले आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी एअरलाइनची असते. वेगळ्या तिकिटांवर मात्र दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, विषय संपला, नवं तिकीट काढा, तेही सगळ्यांचं आणि आयत्या वेळच्या भावाने.

दुसरी भानगड बॅगांची. एका तिकिटावर बॅगेला शेवटच्या विमानतळाचा टॅग लागतो (टॅगवरची तीन अक्षरं काउंटरवरच वाचून घ्या, तेवढी सवय लावाच). वेगळ्या तिकिटांवर बहुतेक वेळा मधे बाहेर येऊन बॅगा घ्यायच्या आणि परत चेक-इन करायच्या, आणि बाहेर यायचं म्हणजे इमिग्रेशन, आणि इमिग्रेशन म्हणजे त्या देशाचा व्हिसा. लोक इथेच अडकतात. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं आणि साधारणपणे बॅगाही पहिल्या विमानतळावर घेऊन परत द्यायला लागतात, तेव्हा तिकडून जाणारा रूट असेल तर व्हिसा किंवा एस्टा (काही देशांच्या नागरिकांना व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) आधी बघा. शेंगेन देशांतही (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश) काही पासपोर्टना विमानतळाच्या आतच थांबायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

आणि हो, रिटर्न तिकिटातला पहिला टप्पा सोडून फक्त परतीचा वापरायचा अशी आयडिया कोणी दिली तर ऐकू नका. पहिला टप्पा नाही वापरला की पुढचे सगळे आपोआप कॅन्सल होतात.

लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला वेळ, किती ठेवावा?

एअरलाइन दीड तासाचं कनेक्शन विकते कारण त्या विमानतळाच्या किमान वेळेत ते बसतं. ती वेळ एकट्या, चालत्या माणसाची. लहान मूल मधेच टॉयलेटला जाणार, सिक्युरिटीत स्ट्रोलर घडी करायचा, आजोबांच्या व्हीलचेअरची वाट बघायची, हे सगळं त्यात नाही. तीन-चार तास ठेवा. त्याहून कमी नको आणि सात-आठ तास मिळत असतील तर विमानतळाच्या आतलं, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडचं हॉटेल मिळतं का बघा, मुलं आडवी झाली की पुढचा टप्पा सोपा जातो.

सामान जहाजाने पाठवू, विमानाने, की जास्तीच्या बॅगा घेऊ?

आधी किती सामान आहे ते बघा, म्हणजे वजन नाही, *आकारमान*. जहाजाचा हिशोब घनमीटरवर चालतो, २० फुटी कंटेनरमधे आतून साधारण ३३ घनमीटर जागा असते आणि एवढं सामान फर्निचरसकट अख्खं घर हलवलं तरच होतं. बाकीच्यांनी शेअर कंटेनर घ्यावा, पण त्यात इतरांचं सामान जमेपर्यंत तुमचं गोदामात पडून राहतं, तेव्हा पोचायला दोन-तीन महिने धरून चाला. विमानाच्या कार्गोत आकारमान आणि वजन यातलं जे महाग पडेल ते धरतात, एका घनमीटरला १६७ किलो या हिशोबाने, म्हणून उशा-रजया-टेडीबेअर विमानाने पाठवणं म्हणजे हवेचे पैसे भरणं.

जास्तीची बॅग थोड्या सामानाला सगळ्यात सोपी आणि विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त. फक्त एक बॅग ३२ किलोच्या वर नको, बऱ्याच एअरलाइन त्यावर पैसे देऊनही घेत नाहीत कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो.

पॅकिंग लिस्ट स्वतः करा आणि नीट करा. "घरगुती सामान १२ खोकी" असं लिहिलं की कस्टम्सवाले उघडणारच, त्यापेक्षा खोकं क्रमांक, आत काय, वापरलेलं की नवं, अंदाजे किंमत असं लिहा. कायमचं परतणाऱ्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर बरेच देश कस्टम्समधे सूट देतात, पण त्याच्या अटी असतात, बाहेर किमान किती काळ राहिलात, सामान किती जुनं, तुम्ही पोचल्यावर किती दिवसांत ते आलं पाहिजे, वगैरे. सामान पाठवायच्या *आधी* त्या वाचा. इन्शुरन्स घेणार असाल तर आणखी एक, तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर बरेचदा क्लेम मिळत नाही, काचसामान त्यांच्या माणसांकडूनच भरून घ्या. आणि लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा) शिक्का हवा, नाहीतर कीड येईल या भीतीने बंदरावर अडवतात.

माझं विचाराल तर, जे विकताना जीव तुटत नाही ते विकून टाका. मुलांची खेळणी मात्र निवडताना त्यांना विचारा, तुम्हाला जे फालतू वाटतं तेच नेमकं त्यांना हवं असतं.

हातातल्या बॅगेत काय असलंच पाहिजे?

सगळे मूळ कागद, दागिने, लॅपटॉप, हार्ड डिस्क, प्रत्येकाचा एकेक कपड्याचा जोड (आईबाबांचाही, मूल ओकतं ते तुमच्यावर) आणि सगळी औषधं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर ब्रँड नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण ब्रँड देशागणिक बदलतात. झोपेची, तीव्र वेदनेची किंवा एडीएचडीची औषधं काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, ट्रान्झिट देशाचंही बघा.

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. १०० वॉट-तासांपर्यंत चालते, म्हणजे अंदाजे २७,००० एमएएच, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. पातळ पदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांत, पण बाळाचं दूध आणि औषधं याला अपवाद आहेत, सिक्युरिटीला आपणहून सांगा. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यामुळे १०० मिलीचा नियम सैल झालाय पण मधल्या विमानतळावर तो असू शकतो, तिथे पहिल्या विमानतळावरची बाटली काढून घेतात.

दोन वर्षांखालच्या बाळाला वेगळी सीट घ्यावी का?

नियमाने लागत नाही, मांडीवर चालतं. पण ज्या दिवशी दुसरा वाढदिवस त्या दिवसापासून पुढच्या टप्प्याला सीट लागते, तेव्हा तारखा बघून तिकीट काढा. मांडीवर असेल तर पहिल्या रांगेतलं भिंतीला अडकवायचं बासिनेट (बाळाचा छोटा पाळणा) मागा, ते मोजकेच असतात आणि वजनाची मर्यादा एअरलाइनप्रमाणे वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी १० किलोच्या आसपास. बुकिंग झाल्या झाल्या फोन करून मागा. हेही माहीत असू द्या की सीटबेल्टची लाइट लागली की बहुतेक ठिकाणी झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यायला सांगतात, आणि ती लाइट नेमकी बाळ झोपल्यावरच लागते.

विमान उतरताना मूल कान धरून रडतं, काय करायचं?

कानाच्या आतला दाब बाहेरच्याशी जुळवणारी नळी मुलांमधे अरुंद असते, म्हणून उतरताना त्रास जास्त. गिळलं की ती उघडते. बाळाला दूध पाजा किंवा चोखणी द्या, मोठ्याला पाणी घोट घोट प्यायला द्या. झोपलं असेल तर उतरायला लागताना हळूच उठवा, झोपेत आपण कमी गिळतो. चाकं टेकायच्या बऱ्याच आधीपासून विमान खाली यायला लागतं, अगदी शेवटच्या पाच मिनिटांत सुरू करून उपयोग नाही. सर्दी किंवा कानाचं इन्फेक्शन असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला दाखवा.

मुलांना झोपेचं औषध देऊन टाकावं का?

नको. ॲलर्जीच्या ज्या सिरपने गुंगी येते त्यानेच काही मुलं उलट चेकाळतात, आणि ते तुम्हाला ३५,००० फुटांवर कळणार.

आईबाबा न्यायला आले होते, तेही बरोबर परतणारेत, त्यांच्यासाठी काय बघायचं?

व्हीलचेअर आधीच बुकिंगमधे टाका, चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळावर गेट गाठेपर्यंत खूप चालणं होतं आणि लाज वाटून नाही म्हणणारे बाबा मग ट्रान्झिटमधे दमतात. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका जवळपास दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे, तरी तो बऱ्या-धडधाकट माणसात सुमारे ६,००० मधे एक एवढाच, म्हणजे घाबरायचं नाही पण दर तास-दोन तासाने उठून चालायचं, बसल्या बसल्या पावलं वरखाली करायची. आयलची सीट द्या त्यांना. आधी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला विचारून घट्ट मोजे किंवा औषध. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्या खाली, आणि दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणून दम्याचे किंवा हृदयाचे पेशंट असतील तर डॉक्टरचं ओके आधीच घ्या.

प्रेग्नन्सीत निघता येईल?

एकच बाळ असेल तर बहुतेक एअरलाइन ३६ आठवड्यांपर्यंत घेतात, जुळं असेल तर ३२ पर्यंत, आणि २८ नंतर डॉक्टरचं पत्र मागतात. परतीची तारीख ठरवताना हेच आधी बघा.

बाकी सगळे बाहेर पडले आणि आपली एक बॅग आलीच नाही?

विमानतळाबाहेर पाऊल टाकू नका. त्याच हॉलमधे बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआर नंबर (त्या तक्रारीचा नंबर) घ्या, बोर्डिंग पास आणि टॅगचे तुकडे जपा. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे बॅग फुटली-फाटली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत, आणि २१ दिवस आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या वस्तूंची बिलं ठेवा. निघायच्या आधी बॅगेचा उघडा आणि बंद असे दोन फोटो काढलेले असले की "काळी, मध्यम" यापलीकडे काहीतरी सांगता येतं.

जेट लॅग किती दिवस टिकतो?

ढोबळ हिशोब असा की जेवढे टाइम झोन ओलांडले साधारण तेवढे दिवस. पूर्वेकडे प्रवास केला तर जास्त जड जातं, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा जरासं मोठं असतं, त्याला लांबवणं सोपं आणि आखडणं अवघड. पश्चिमेकडे आलात तर संध्याकाळी उजेडात रहा, पूर्वेकडे आलात तर सकाळचा उजेड घ्या. फक्त सात-आठ झोनच्या वर पूर्वेकडे आला असाल तर पहिले एक-दोन दिवस अगदी पहाटेचा उजेड टाळून जरा उशिराचा घ्या, कारण तुमच्या शरीराच्या दृष्टीने ती अजून संध्याकाळ-रात्र असते आणि घड्याळ उलटीकडे सरकतं.

दुपारी पेंग आली तर अर्धा तास, गजर लावून. मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) मोठ्यांना कामी येतं पण काही देशांत ते प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, मुलांना डॉक्टरला न विचारता देऊ नका. मुलं रात्री दोनला टक्क जागी होणार हे धरूनच चला, दिवा मंद, स्क्रीन नाही, पुस्तक किंवा चित्रं, आणि आईबाबांनी पाळ्या लावायच्या, दोघांनी जागायची गरज नाही.

पोचल्या पोचल्या सगळ्यांना भेटायला बोलवायचं का?

पहिला आठवडा रिकामा ठेवा. नातेवाईक नाराज होतील, होऊ देत, दुसऱ्या आठवड्यात भेटा. ज्यांनी परतायच्या दुसऱ्याच दिवशी पन्नास माणसं जमवली त्यांच्याकडे मुलं कोपऱ्यात झोपलेली आणि आई हसून हसून थकलेली हेच दिसतं. शाळाही लगेच सोमवारपासून सुरू करायची घाई नको, शाळेला सांगून चार-पाच दिवस पुढे ढकलता येतं का विचारा. एकाच माणसाला सगळ्यांशी फोनवर बोलायचं काम द्या, तो सांगेल कोण कधी येणार.

मुलगी रोज रडते, "घरी जायचंय" म्हणते. आपण घरीच तर आलोय ना?

तुम्ही आलात, ती नाही आली. तीन वर्षांची असताना गेली आणि आठ वर्षांची होऊन परतली तर तिचं घर तेच होतं, शाळा, खिडकी, शेजारची मैत्रीण सगळं तिकडे. तिला हे घर म्हणजे सुट्टीत यायची जागा. तेव्हा "अगं हेच आपलं घर" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा "तिकडची आठवण येते ना, मलाही येते" हे एकदा म्हणा. अशा मुलांबद्दल रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकापासून अभ्यास केला आणि थर्ड कल्चर किड्स हा शब्द त्यांचाच.

मोठ्यांचंही होतं बरं का, फक्त ते कबूल करत नाहीत. जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी १९६३ मधे मांडलं की परदेशात गेल्यावर मन जसं आधी खूश, मग खाली, मग स्थिर होतं तसंच परतल्यावरही पुन्हा एकदा होतं. गंमत म्हणजे जाताना आपण अवघड जाणार हे धरून चालतो आणि येताना कोणीच धरत नाही. मित्र पुढे गेलेले असतात, ऑफिसची पद्धत वेगळी वाटते, आणि तिकडच्या गोष्टी सांगायला लागलं की समोरचा दुसऱ्या मिनिटाला मोबाइल बघतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरात विनाकारण भांडणं वाढली तर त्यात या सगळ्याचाही भाग असू शकतो. मुलाची झोप, खाणं, अभ्यास बरेच आठवडे बिघडलेलाच राहिला तर शाळेच्या समुपदेशकाशी बोला, वाट बघत बसू नका.

तिकडचं बँक खातं आणि मोबाइल नंबर लगेच बंद करू?

अजिबात नको. घराचं डिपॉझिट, टॅक्स रिफंड, शेवटचा पगार हे सगळं तुम्ही परतल्यावर काही महिन्यांनी येतं आणि त्या खात्यातच येतं. आणि खात्यात शिरायचा ओटीपी येतो त्या नंबरवर. सगळ्यात स्वस्त प्लॅनवर नंबर टाका, रोमिंगवर मेसेज येतात का ते निघायच्या आधी तपासा, आणि बँकेला नवा पत्ता कळवा. परदेशात राहणाऱ्याचं खातं चालू ठेवायला काही बँका नकार देतात, तेव्हा ते तिथे असतानाच विचारून ठेवलेलं बरं.

मुलांची तिकडच्या मित्रांशी मैत्री टिकते का?

एक-दोघांशी टिकते, सगळ्यांशी नाही. "कर ना कधीतरी कॉल" असं म्हटलं की होत नाही, आठवड्यातला एक वार आणि वेळ दोन्हीकडच्या आईबाबांनी मिळून ठरवा, मुलं नुसती बोलत बसण्यापेक्षा एकत्र काही खेळली किंवा चित्र काढलं तर कॉल लांबतो. घड्याळ पुढेमागे करणारा देश असेल तर वर्षातून दोनदा तासाचा फरक पडतो, म्हणून कॅलेंडरमधे वेळ टाकताना तिकडच्या टाइम झोनमधे टाका.